तहान आणि सातबारा

१

मराठी साहित्यात पाऊस भरपूर पडतो. मृग, श्रावण, ओढा, नदीचा काठ यांनी आमच्या पाठ्यपुस्तकांची पाने भिजलेली आहेत. तहान मात्र त्या पानांवर फार उशिरा आली, आणि ती दलित साहित्याने आणली. गावची विहीर सगळ्या गावाची नसते, पाण्यालाही शिवाशिव असते, वरून ओंजळीत ओतलेल्या पाण्याबरोबर अपमानही प्यावा लागतो, हे मराठी वाचकाला दलित आत्मकथनांनी सांगितले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत शंकरराव खरातांपासून शरणकुमार लिंबाळे आणि बेबी कांबळे यांच्यापर्यंत अनेकांनी आपापल्या गावाचे विहिरीवरचे राज्य उघडे केले. हे ऋण मोठे आहे.

परंतु आता एक प्रश्न आपण आपल्यालाच विचारला पाहिजे. ज्या विहिरीवरून आम्हाला हाकलले गेले, ती विहीर आज कोठे आहे? जालना जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत ती कोरडी पडली आहे, गाळाने आणि प्लॅस्टिकने भरली आहे. आता कोणी तिच्या काठावर उभे राहून दलिताला अडवत नाही, कारण तिच्यात अडवण्यासारखे काही उरलेले नाही. मग पाणी गेले कोठे? ते जमिनीच्या पोटात खोल गेले, कोणाच्या बोअरमध्ये गेले, कोणाच्या शेततळ्यात गेले, टँकरमध्ये गेले. पाणी हलले. आमची प्रतिमा मात्र जुन्या विहिरीच्या काठावरच उभी आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतीची तपासणी करावयाची आहे.

२

प्रथम प्रस्थापित साहित्याकडे पाहू. दुष्काळाचे चित्र म्हटले की, व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची (१९५५) आठवण होते. माणदेशातल्या धनगरांची ती वाडी अखेरीस दुष्काळाने उठते. त्या लेखनाच्या सच्चेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. वाडी लहान आहे, माणसे बहुतांशी एका व्यवसायाची आहेत, म्हणून दुष्काळ तेथे सर्वांचे एकच प्राक्तन होऊन येतो. आक्षेप आहे तो त्या चित्रावरून पुढे रूढ झालेल्या सूत्राला. दुष्काळ म्हणजे निसर्गाचा कोप, तो पाटलाला आणि महाराला सारखाच भाजतो, आभाळाला जात नसते, असे हे सूत्र आहे. शासनाचे अहवाल, वर्तमानपत्रांचे अग्रलेख आणि ग्रामीण साहित्यावरची पुष्कळशी समीक्षा या सूत्रावर पोसली आहे. आभाळाला जात नसेल. पण आभाळातून पडलेले पाणी ज्या जमिनीत मुरते तिचा सातबारा असतो, आणि सातबाऱ्यावर नाव असते. ते नाव कोणाचे असते, हे येथे निराळे सांगण्याची गरज नाही.

या सूत्राला पहिला मोठा तडा दया पवारांनीच दिला. धरणाची माती वाहणाऱ्या बाईचे त्यांचे गीत चळवळीच्या शाहिरांनी महाराष्ट्रभर नेले. जिच्या घामावर भिंत उभी राहते तिला पिण्यापुरतेही पाणी नाही आणि त्याच पाण्यावर दुसऱ्याचा मळा फुलतो, हे त्या गीतातले दुःख आहे. अपमानाच्या पलीकडे जाऊन पाण्याच्या अर्थव्यवस्थेवर बोट ठेवणारी ही रचना आहे. विहिरीवरचा विटाळ हा सामाजिक प्रश्न, धरणाचे पाणी हा आर्थिक प्रश्न, अशी सोयीची वाटणी तिने मोडली. दुर्दैव असे की, आपण ते गीत गायिले, पण त्याने उघडलेल्या वाटेने पुढे फारसे गेलो नाही.

३

या वाटेने जालना जिल्ह्यात उतरून पाहावे. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा स्वतंत्र झाला. दक्षिणेला गोदावरी, मधून दुधना आणि कुंडलिका, उत्तरेला पूर्णा. पाऊस वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. खाली काळा कातळ, त्याच्या फटींत साठेल तेवढेच भूजल. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर. त्यात अनुसूचित जाती सुमारे १४ टक्के आणि आदिवासी दोन टक्क्यांच्या थोडे वर. गावकुसाबाहेरच्या बौद्ध आणि मातंग वस्त्या, भिल्लांच्या वस्त्या, लमाणांचे तांडे, पारध्यांची पाले यांना गावच्या पाणवठ्यावर सारखा हक्क कधी नव्हता.

येथे एक ऐतिहासिक बाब ध्यानात घेतली पाहिजे. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्यामागे मुंबई विधिमंडळातला १९२३ चा बोले यांचा ठराव होता, आणि चवदार तळ्याचा दिवाणी लढा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. पण जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मुंबई इलाख्याचा ठराव किंवा तिथल्या न्यायालयाचा निकाल इथल्या आडावर चालत नव्हता. मराठवाड्यातील अस्पृश्याला पाणवठ्यावरचा कायदेशीर हक्क खऱ्या अर्थाने मिळाला तो संविधानाने. तो मिळूनही १९७२ साली शेजारच्या परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावी पाण्यावरून बौद्ध स्त्रियांची विटंबना झाली. त्याच वर्षी दलित पँथरचा जन्म झाला, त्यामागच्या संतापात ब्राह्मणगावही होते. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात जो आगडोंब उसळला, त्यातही बहिष्काराचे हत्यार म्हणून पाणी वापरले गेले.

या अंधारात जालन्याने एक वस्तू जगाला दिली. तिची नोंद आमच्या साहित्यात नाही. ती वस्तू म्हणजे हातपंप. पूर्वीचे ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी परदेशात आखलेले होते. सबंध वस्ती त्यावर तुटून पडली की काही दिवसांत ते मोडत. साठच्या दशकात जालन्यातील स्कॉटिश मिशनच्या बोअर खोदणाऱ्यांनी पोलादाचा, दणकट दांड्याचा पंप बनवला. 'जालना पंप' या नावाने तो ओळखला गेला. त्यात सोलापुरात सुधारणा झाली आणि पुढे युनिसेफच्या साहाय्याने त्यातूनच 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार झाला. तो भारतातच नव्हे, आफ्रिकेतही लाखोंनी बसला.

दलित वस्तीच्या दृष्टीने या पंपाचा अर्थ काय? ज्या वस्तीत तो बसला तेथे पिढ्यान्‌पिढ्या विहिरीच्या काठावर ताटकळणाऱ्या बाईला कोणाची विनवणी न करता पाणी मिळाले. दांडा खाली दाबायचा, घागर भरायची. पंप सगळीकडे वस्तीतच बसला असे नाही. पुष्कळ ठिकाणी तो पुढाऱ्याच्या दारातच उभा राहिला. तरीही या लोखंडी दांड्याने गावकुसाबाहेर आणलेले स्वातंत्र्य लहान नव्हते. त्यावर एक कादंबरी सोडा, एक चांगली कथाही आमच्याकडून आली नाही. अपमानाचा पाणवठा आम्ही लिहिला, मुक्तीचा पाणवठा लिहायचा राहिला. आणि म्हणूनच तो पाणवठा जेव्हा पुन्हा हिरावला गेला, तेव्हा तेही आपल्या लेखनात उमटले नाही.

४

तो हिरावला कसा गेला, हे नीट समजून घ्यावे. असा हातपंप साधारण दीडशे फूट खोलीपर्यंतचे पाणी उपसू शकतो. त्याखाली पाणी गेले की दांडा नुसता हवेत हलतो. विजेच्या पाणबुडी मोटारीला ही मर्यादा नाही. ती पाचशे फुटांवरूनही पाणी ओढते. ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि वीजजोडणी आहे तो आपल्या शेतात तीनशे, पाचशे, सातशे फूट बोअर घेतो. कातळाच्या फटी एकमेकींना जोडलेल्या असतात. वरचे पाणी खाली ओढले जाते आणि वस्तीचा पंप मुका होतो. येथे कोणी कोणाला शिवी दिली नाही, कोणाची घागर फोडली नाही, ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवावा असे काही घडले नाही. तरी पाणी हिरावले गेले. पूर्वी अंतर काठापासून मोजले जाई, आता ते खोलीत मोजले जाते. जातीच्या जागी खोली आली, एवढाच फरक.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तळी, पाणवठे सर्वांना खुले केले. पण कोणत्या विहिरी? सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा जनतेला अर्पण केलेल्या. खाजगी बोअर त्यात बसत नाही. उलट १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाने उपसावे, हा त्याचा हक्कच मानला गेला आहे. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्राने १९९३ साली केला, नंतर २००९ चा भूजल कायदा आला. पण वस्तीचा पंप आटला म्हणून कोणाची बोअर बंद झाली, असे कार्यकर्त्यांना क्वचितच पाहायला मिळाले असेल. सार्वजनिक पाणवठा आम्ही रक्त सांडून उघडला. तो उघडेपर्यंत आणि त्यानंतर पाणी तेथून खाजगीत निघून गेले.

यात शासनाच्या कल्याणकारी कामांचा वाटा किती, हेही पाहावे लागेल. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर पाझर तलाव बांधले गेले. खडी फोडणारे, माती वाहणारे हात बहुसंख्येने भूमिहीनांचे होते. तलावाचे पाणी पाझरले ते खालच्या शेतांतल्या विहिरींत. मजुराला मजुरी मिळाली, मालकाला पाणी मिळाले. मजुरी आठवड्यात संपली, पाणी राहिले. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. नाव मोठे लोकशाहीवादी आहे. पण मागणाऱ्याकडे किमान ०.६० हेक्टर जमीन असावी, ही अट होती. म्हणजे मागेल त्याला नव्हे, असेल त्याला.

जालन्याजवळचे कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामासाठी महाराष्ट्रात गाजले. नव्वदच्या दशकात तेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, शेकड्यांनी शेततळी झाली. ते श्रम खरे आहेत आणि त्यांची टवाळी करण्याचा हेतू नाही. पण समीक्षेने एक प्रश्न विचारायचा असतो: या कथेत भूमिहीन कोठे आहे? शेततळे पावसाचे वाहते पाणी धरण्यासाठी असते, असे शासन सांगते. प्रत्यक्षात महाराष्ट्रात अनेक ठिकाणी विहिरी-बोअरचे पाणी उपसून प्लॅस्टिकच्या अस्तराच्या तळ्यांत साठवले जाते, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. जे पाणी जमिनीखाली सर्वांचे होते ते वर येऊन एकाचे होते, उन्हात वाफ होऊन काही उडते, आणि अस्तरामुळे थेंबही परत मुरत नाही. यशोगाथा लिहिणाऱ्यांना बाग दिसते. बागेत मजुरीला येणाऱ्या बाईच्या घरचा रांजण त्यांना दिसत नाही.

५

२०१२-१३ च्या दुष्काळाने हे सारे उघडे केले. १९७२ नंतरचा सर्वांत भीषण दुष्काळ असे त्याचे वर्णन झाले आणि जालना त्याच्या मध्यभागी होते. पी. साईनाथ यांनी मार्च २०१३ मध्ये जालन्याच्या टँकरबाजाराविषयी लिहिले. एका शहरातला पाण्याचा हा धंदा दिवसाला साठ ते पंचाहत्तर लाख रुपयांचा असल्याचा अंदाज त्यांनी दिला. या आकड्याचा अर्थ असा की, त्या वर्षी जालन्यात पाणी नव्हते हे खरे नाही. पाणी होते, ते विकत होते. म्हणजे कोणाच्या तरी जमिनीखाली ते होते.

खेड्यात सरकारी टँकर येत असे आणि आजही टंचाईत येतो. माणशी दिवसाला २० लिटर हे त्याचे माप. पिणे, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, बाळंतिणीचे कपडे, सारे त्या २० लिटरमध्ये. २०१९ च्या जलजीवन मिशनने ५५ लिटरचे वचन दिले. पण स्रोतच आटला तर नळाच्या तोटीला वचन पाळता येत नाही. टँकरचे पाणी बहुधा गावच्या विहिरीत ओतले जाते. मग दोर टाकून जो आधी ओढील त्याचे पाणी. ज्याचे घर विहिरीजवळ, ज्याच्या घरात माणसे मोकळी, ज्याच्याकडे मोठी पिंपे, तो आधी. वस्तीवरची बाई कामावरून परत येईपर्यंत तळाचा गाळ राहतो. शिवाशिवीचा शब्दही न उच्चारता जुनी उतरंड पुन्हा उभी राहते, ती अशी.

आणि ही उतरंड अखेर शरीरावर उतरते. जालन्याच्या उन्हात दिवसभर राबून पाणी कमी पिणाऱ्याला मुतखडा होतो, बाईला लघवीची जळजळ आणि ताप येतो, मुलांना जुलाब होतात. डोक्यावरच्या हंड्याने मान आणि कंबर जाते. पाणी भरण्यासाठी घरी ठेवलेली मुलगी शाळेतून गळते. जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांत दलित, लमाण आणि इतर भूमिहीन मोठ्या संख्येने असतात. फडावरच्या कोपीत न्हाणीघर नाही, पुरेसे पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाने ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या आकड्यामागे डॉक्टरांची लूट आहे, मुकादमाची उचल आहे, आणि पाण्यावाचून काढलेले हंगामही आहेत. दवाखान्याच्या केसपेपरवर नाव, वय, तक्रार यांचे रकाने असतात. घरी पाणी किती येते याचा रकाना नसतो. त्यामुळे पाण्याची विषमता आजार म्हणून नोंदली जाते आणि विषमता म्हणून पुसली जाते.

६

ही कथा केवळ आपली नाही. कॅनडात शोल लेक नावाच्या सरोवराकाठी तिथल्या मूळनिवासींची एक वस्ती आहे. त्या सरोवरातून विनिपेग या मोठ्या शहराला १९१९ पासून कालव्याने पाणी जाते. त्या कामात वस्तीची जमीन घेतली गेली आणि उरलेला भाग बेटासारखा तुटला. शहर शंभर वर्षे ते पाणी प्याले. वस्तीला मात्र १९९७ पासून २०२१ पर्यंत, चोवीस वर्षे, पाणी उकळल्यावाचून पिऊ नका असा इशारा होता. धरण बांधणाऱ्या आपल्या बाईची ही दूरची बहीण. श्रीमंत, लोकशाहीवादी देशातही पाणी सत्तेच्या उताराने वाहते. म्हणून दुष्काळ हा गरिबीचा किंवा मागासलेपणाचा प्रश्न आहे, तो विकासाबरोबर आपोआप सुटेल, ही समजूत सोडून द्यावी लागेल.

७

येथे बाबासाहेबांकडे वळणे अपरिहार्य आहे. आमच्या साहित्याने महाडचे बाबासाहेब घेतले. ते योग्यच झाले. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असलेले बाबासाहेब आमच्या कवितेत कितीसे आहेत? दामोदर खोऱ्याची योजना त्यांनी पुढे नेली, १९४५ साली मध्यवर्ती जलमार्ग व पाटबंधारे आयोगाची स्थापना त्यांच्याच कारकिर्दीत झाली. नदीचे पाणी हे संकट नसून लोकांची संपत्ती आहे, तिची योजना करावी, ही त्यांची भूमिका होती. आणि १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करण्याची मागणी मांडली. हे तीन टप्पे एका रेषेत ठेवून पाहावे. तळ्याला स्पर्श करण्याचा हक्क, नदीच्या नियोजनाचा हक्क, आणि पाणी जिच्या पोटात आहे त्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न. महाड ही त्या रेषेची सुरुवात होती. आम्ही सुरुवातीलाच तीर्थ करून तेथेच थांबलो.

पाणी जमिनीपासून सोडवता येते, हे महाराष्ट्रात सिद्धही झाले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा माणशी, जमिनीच्या प्रमाणात नाही, भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. ही तत्त्वे राज्याने स्वीकारली नाहीत, हे खरे. पण शक्य नव्हते म्हणून नव्हे. भूमिहीनाला पाण्याचा मालक करणे हे सातबाऱ्याच्या राज्याला मानवणारे नव्हते. मराठवाड्यातील गायरान जमिनींसाठी चाललेल्या लढ्याकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ साली झाला. त्याची अंमलबजावणी रेंगाळली. गायरानाचा तुकडा नावावर होणे म्हणजे केवळ ज्वारीची दोन पोती नव्हेत. त्याबरोबर विहिरीचा, बोअरचा, शेततळ्याचा अर्ज करण्याची पात्रता येते. जमिनीचा लढा हाच पाण्याचा लढा आहे.

दलित लेखकांकडून अपेक्षा काय? विहिरीचे दुःख विसरा, असे कोणी म्हणणार नाही. ते अजून संपलेले नाही. पण आज गावात न दिसणारा पाणवठा आहे, त्याचा काठ दाखवणे हे लेखनाचे काम आहे. ज्याच्या दांड्यातून नुसती हवा येते तो हातपंप, टँकरच्या मागे धावणारी पोर, मालकाच्या शेततळ्यावर राखण करणारा आणि घरी पाणी विकत घेणारा बाप, केसपेपरवर न लिहिलेली तहान, हे आमच्या कथेत आले पाहिजे. जुन्या शत्रूला चेहरा होता, त्याच्यावर विद्रोहाची कविता लिहिणे तुलनेने सोपे होते. आजचा शत्रू अर्जाच्या अटीत, मोटारीच्या अश्वशक्तीत आणि खोलीच्या फुटांत आहे. त्याला चेहरा देण्यासाठी लेखकाला तलाठ्याच्या दप्तरात बसावे लागेल, आणि कार्यकर्त्याला आपल्या वस्तीच्या पंपापासून ५०० मीटर मोजावे लागतील.

महाडला बाबासाहेबांनी ओंजळ भरून घेतली, तेव्हा तळ्यात पाणी होते. आमच्या पिढीला प्रथम तळे शोधावे लागणार आहे.